फील्ड मार्शल स्लिम: सेनापती म्हणून तो नेमका कुठे मोठा झाला?

दऱ्याखोऱ्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा विषय आज मांडतोय.

माझ्या आईचे वडील, आमचे आप्पा, मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. तेव्हाच्या भाषेत फोर-फाइव्ह मराठा. गाव पाटण तालुक्यातलं. लढाईबद्दल ते फारसं बोलत नसत, पण तीन शब्द त्यांच्या तोंडी वरचेवर यायचे: सांगशाक, पिवळी गोळी आणि सिलिमसाहेब. लहानपणी मला वाटायचं, सिलिमसाहेब म्हणजे कुणी मुसलमान सुभेदार असणार. कॉलेजात गेल्यावर उलगडा झाला, की हा विल्यम स्लिम, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलेल्या ब्रिटिश-हिंदी चौदाव्या आर्मीचा सेनापती.

तेव्हापासून या माणसाबद्दल मिळेल ते वाचत आलोय. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म १८९१, ब्रिस्टल. वाढला बर्मिंगहॅममध्ये. वडिलांचा लोखंडी सामानाचा धंदा बसला, त्यामुळे पैशाची कायम ओढाताण. गरीब वस्तीतल्या शाळेत मास्तरकी केली, मग नळ्या बनवणाऱ्या कंपनीत कारकुनी. १९१४ चं युद्ध लागलं नसतं तर हा माणूस कारकून म्हणूनच निवृत्त झाला असता. गॅलिपोलीत जखमी, मेसोपोटेमियात पुन्हा जखमी, तिथेच मिलिटरी क्रॉस. घरचा पैसा नसेल तर ब्रिटिश रेजिमेंटमध्ये अधिकाऱ्याचा खर्च झेपत नसे, म्हणून हिंदुस्थानी सैन्यात आला आणि सहाव्या गुरखा रायफल्समध्ये रमला. संसाराला हातभार म्हणून टोपणनावाने गोष्टीही लिहायचा. आणि शेवटी पोचला कुठे, तर ब्रिटिश साम्राज्याच्या लष्करप्रमुखपदावर. हिंदुस्थानी सैन्यातला अधिकारी त्या खुर्चीत बसण्याची ती पहिलीच वेळ.

माझा प्रश्न असा. या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा टप्पा तुम्ही कोणता मानता? १९४२ ची ब्रह्मदेशातली माघार, १९४४ मध्ये इम्फाळ-कोहिमाला जपानी चढाई रोखणं, की १९४५ चं इरावदी ओलांडून मेक्टिला या जपान्यांच्या रसदीच्या ठाण्यावर झडप घालणं? माझं मत १९४२ ला. जिंकताना सगळेच सेनापती शोभून दिसतात. हरलेली फौज हजारभर मैल मागे आणताना ती फौजच राहील, जमाव होणार नाही, हे बघणं मला सगळ्यात अवघड वाटतं.

हळदुली

वा! वाचतेय. सिलिमसाहेब फार आवडलं.

रूळमापक

विषय उत्तम, पण मतभेद नोंदवतो. १९४२ मध्ये स्लिमच्या हातात होतंच काय? तो बर्मा कोअरची (कोअर म्हणजे दोन-तीन डिव्हिजनांची फौज) सूत्रं घ्यायला मार्चच्या मध्यावर प्रोमला पोचला, त्याआधीच म्हणजे ८ मार्चला रंगून पडलं होतं. बंदर गेलं म्हणजे रसद गेली. पुढचे दोन महिने तो फक्त मागे सरकत होता. येनांजाउंगच्या तेलविहिरी स्वतःच्या हातांनी पेटवून द्याव्या लागल्या. धैर्य होतं, मान्य. पण सेनापतीचं कसब दिसायला काहीतरी निवड करायला वाव हवा, तो त्याला १९४५ मध्ये मिळाला. माझं मत मेक्टिला.

तिथे त्याने काय केलं ते बघा. जपानी सेनापती किमुराला वाटत होतं, की सगळा जोर मंडालेवर येणार. स्लिमने एक कोअर मंडालेच्या उत्तरेला नदी ओलांडायला लावली आणि दुसरी आख्खी कोअर गुपचूप गांगॉच्या खोऱ्यातून दक्षिणेला नेली. ती कोअर जागची हललेलीच नाही असं वाटावं म्हणून तामूला तिचं खोटं मुख्यालय ठेवलं आणि तिथून खोटे बिनतारी संदेश चालू ठेवले. मार्चच्या सुरुवातीला सतरावी डिव्हिजन मेक्टिलात शिरली, तेव्हा जपान्यांची रसदीची मानच आवळली गेली. २० मार्चला मंडाले, ३ मे ला रंगून.

रत्नागिरीकर

मंडालेचं नाव निघालं आणि राहवेना. विषयांतराबद्दल क्षमस्व.

मंडाले म्हटलं की आपल्याला लोकमान्य आठवतात, १९०८ ते १९१४. पण आम्हा रत्नागिरीच्या लोकांचा मंडालेशी आणखी एक धागा आहे, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला मंडालेच्या राजवाड्यातून उचललं आणि रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो आमच्याकडेच वारला. त्याच्या मंडालेच्या राजवाड्याच्या कोटाला इंग्रजांनी फोर्ट डफरिन असं नाव दिलं, आणि १९४५ मध्ये स्लिमच्या एकोणिसाव्या डिव्हिजनला जो किल्ला घ्यायचा होता तो हाच. जपानी आत दडून बसले होते. बाँबफेकीत लाकडी राजवाडा जळून खाक झाला. शाळेची सहल थिबा पॅलेसला गेली, की गाईड थिबाचं वर्णन करतो, पण तो ज्या घरासाठी झुरला त्या घराचं पुढे काय झालं हे कुणी सांगत नाही. मला ते फार उशिरा कळलं आणि त्या दिवशी मन उदास झालं होतं.

दऱ्याखोऱ्या

रत्नागिरीकर, क्षमस्व कशाला, याच गोष्टींसाठी धागा काढलाय. थिबाच्या राजवाड्याचा हा शेवट मला ठाऊक नव्हता.

फौजीबापू

जय हिंद मंडळी. मी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. दऱ्याखोऱ्या, तुमच्या आप्पांना माझा सॅल्यूट. सांगशाक आमच्यात अजून बोलली जाते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. मार्च १९४४. जपानी तीन डिव्हिजन घेऊन चिंडविन नदी ओलांडून मणिपुरात आले. उख्रुलच्या बाजूला पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्यासोबत आपली फोर-फाइव्ह. सांगशाक म्हणजे नागा टेकडीवरची छोटी वस्ती. जमीन खडकाळ, मोर्चे तीन फुटांवर खोदता येईनात. काटेरी तार नाही. पाणी नाही. विमानातून टाकलेला माल निम्मा शत्रूच्या हाती. २२ पासून २६ तारखेपर्यंत पोरं तिथं टिकली. ब्रिगेडची सहाशेच्या आसपास माणसं गेली, जखमी धरून. पण कोहिमाकडे निघालेली जपानी पलटण त्या चार-पाच दिवसांत तिथंच अडकली आणि मागं इम्फाळला सावरायला वेळ मिळाला. स्लिमसाहेबांनी नंतर या ब्रिगेडचं जाहीर कौतुक केलं.

आता प्रश्नाचं उत्तर. शिपायाच्या नजरेनं सांगतो. साहेब मोठा कधी वाटतो? तो आपल्यासारखं खातो तेव्हा. पुढच्या पलटणी अर्ध्या रेशनवर आल्या, की स्लिमसाहेब आपल्या मुख्यालयालाही अर्ध्या रेशनवर टाकायचे. भुकेल्या कारकुनाच्या हातून रेशनची फाइल लवकर सरकते, हे मी माझ्या नोकरीत डोळ्यांनी पाहिलंय. गुरख्यांशी नेपाळीत आणि बाकीच्यांशी उर्दूत बोलायचे. जीपच्या बॉनेटवर उभं राहून भाषण करायचे. त्यांच्याच थोरपणामुळं आपले थोरातसाहेब, कोल्हापूरकडचे, त्यांच्या हाताखाली कांगॉच्या लढाईत डीएसओ हे शौर्यपदक मिळवून आले.

ताम्रपट

फौजीबापू, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहेच. एक दुरुस्ती करतो. कांगॉची लढाई जानेवारी १९४५ ची, अराकानमधली, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरची. ती पंधराव्या कोअरने लढली, आणि ती कोअर नोव्हेंबर १९४४ मध्येच स्लिमच्या हाताखालून काढून वेगळी केली होती. तेव्हा थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन या तिघा हिंदी कमांडरांच्या पराक्रमाचं श्रेय स्लिमला देता येणार नाही. ते त्या तिघांचं आणि त्यांच्या जवानांचं.

आता मुख्य मुद्दा. मला हा धागा वाचताना अस्वस्थ वाटतंय आणि ते स्पष्ट सांगतो. आपण कुणाच्या कारकिर्दीचं कौतुक करतोय? ऑगस्ट १९४२ मध्ये 'भारत छोडो' पेटलं, तेव्हा बंगाल-बिहार भागात ते दडपण्यासाठी जे सैन्य वापरलं गेलं त्यात स्लिमच्या पंधराव्या कोअरचं सैन्यही होतं. इकडे साताऱ्यात पत्री सरकार उभं राहत होतं त्याच काळात. मग १९४४ मध्ये इम्फाळच्या वेढ्यात समोरच्या बाजूला आझाद हिंद सेना होती. १४ एप्रिलला मोइरांगला तिरंगा फडकला. आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ जगन्नाथराव भोसले, सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे आणि मूळचे मराठा लाइट इन्फंट्रीचेच अधिकारी! म्हणजे आप्पा ज्या रेजिमेंटचे, भोसलेही त्याच रेजिमेंटचे. स्लिमने आझाद हिंद सेनेबद्दल जे लिहिलंय त्यात तुच्छता आहे. मला ती खुपते.

अबोली_७

ताम्रपट, +१. बरं झालं कुणीतरी बोललं.

फौजीबापू

थोरातसाहेबांची दुरुस्ती मान्य. चुकलं माझं.

बाकीच्याबद्दल एवढंच म्हणतो. भोसलेसाहेबांचं नाव आम्ही रेजिमेंटमध्ये आदरानं घेतो. आणि सांगशाकला पडलेल्या पोरांचंही. मला यात अडचण कधी वाटली नाही. जो तो आपल्या शपथेला जागला.

टिळकवाडीकर

बेळगावहून बोलतोय. एक गोष्ट कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. स्लिम आमच्या बेळगावात राहून गेलाय की! १९३९ मध्ये इथल्या सीनियर ऑफिसर्स स्कूलचा तो प्रमुख होता. बटालियन सांभाळायला निघालेल्या मेजर-कर्नल लोकांना इथं शिकवत. महायुद्ध लागलं तेव्हा तो इथंच होता, आणि इथूनच झाशीला दहावी ब्रिगेड उभी करायला गेला. गावच्या पाण्याचा काहीतरी गुण असणारच असं आमचे सर म्हणायचे, आणि आता मीही म्हणतो.

कँपातल्या त्या झाडांखालून सकाळी फिरायला जातो तेव्हा वाटतं, अठ्ठेचाळिशीचा हा माणूस इथं बसून काय विचार करत असेल? त्या वयात नुसता कर्नल. पुढं काही होईल असं त्याला तरी वाटलं असेल का?

दऱ्याखोऱ्या

ताम्रपट, तुमचं म्हणणं टाळून पुढे जाणार नाही. 'भारत छोडो'च्या वेळची त्याची भूमिका मलाही खटकते. तो साम्राज्याचा नोकर होता आणि साम्राज्याचं काम त्याने केलं. आझाद हिंद सेनेबद्दलचं त्याचं लिखाण मीही वाचलंय आणि ते अन्यायाचं आहे असंच माझं मत. पण चौदाव्या आर्मीत बहुसंख्य जवान आपले होते. आप्पांसारख्या माणसाचा जीव वाचणार की नाही, हे त्या सेनापतीच्या अकलेवर अवलंबून होतं. त्याची कारकीर्द समजून घेणं मला म्हणून गरजेचं वाटतं.

डॉ_मधुमालती

आता मी माझ्या विषयात शिरते. वीस वर्षं गडचिरोलीत मलेरियाचे रुग्ण बघितलेत, त्यामुळे 'पिवळी गोळी' वाचून थांबलेच.

ती गोळी मेपाक्रिन. क्विनाइनचा पुरवठा जावा जपान्यांकडे गेल्यावर आटला, म्हणून ही आली. रोज घेतली की कातडी पिवळी पडायची. जवानांत अफवा होती, की हिने पुरुषत्व जातं. त्यामुळे गोळी तोंडात ठेवायची आणि साहेब पुढे गेला की थुंकायची. (आजही तेच चालतं. गोळी खाल्ली का विचारलं, की मान डोलते आणि गोळी उशीखाली सापडते.)

स्लिमने १९४३ च्या ऑक्टोबरात चौदावी आर्मी हातात घेतली तेव्हाचे आकडे बघा. लढाईत जखमी झालेल्या एका माणसामागे आजारी म्हणून मागे पाठवलेली माणसं १२०. मलेरियाचं वार्षिक प्रमाण एकूण संख्येच्या ८४ टक्के. हे आकडे कुठल्याही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची झोप उडवतील. अशा फौजेला शत्रूची गरजच नाही.

त्याने दोन गोष्टी केल्या. एक, उपचार पुढे आणले. आधी मलेरिया झालेला जवान आगगाडी, बोट, पुन्हा आगगाडी असा शेकडो मैल मागे हिंदुस्थानातल्या रुग्णालयात जायचा आणि परत यायला सरासरी पाच महिने लागायचे. स्लिमने आघाडीच्या मागे काही मैलांवर तंबूंची मलेरिया केंद्रं लावली. ताप आल्यापासून चोवीस तासांत उपचार, आणि काही आठवड्यांत माणूस परत पलटणीत. दोन, गोळीची जबाबदारी डॉक्टरवर न टाकता कमांडिंग ऑफिसरवर टाकली. अचानक तपासणी. पलटणीतल्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी जवानांच्या रक्तात औषध सापडलं तर त्या कर्नलची उचलबांगडी. तिघांना काढावं लागलं. चौथ्याची गरज पडली नाही. १९४५ पर्यंत आजारपण दिवसाला हजारी एकावर आलं.

माझ्या नोकरीत मी कितीतरी बैठकांना बसले जिथे तापाचं खापर डॉक्टर, नर्स आणि आशाताईंवर फुटायचं. तापाचा जबाब वरच्या अधिकाऱ्याला विचारायचा असतो, हे त्या माणसाला १९४३ मध्ये कळलं होतं. म्हणून दऱ्याखोऱ्या, तुमच्या तीन पर्यायांत माझं उत्तर नाहीच. माझं उत्तर १९४३. त्या वर्षी मोठी लढाई जिंकली नाही, पण फौज तेव्हा उभी राहिली.

हळदुली

डॉक्टर, हा प्रतिसाद सेव्ह केलाय. नवऱ्याला वाचून दाखवला, तो आरोग्य खात्यात आहे. म्हणाला, पुन्हा वाच.

रूळमापक

डॉ_मधुमालती, जबरदस्त. १९४३ च्या बाजूने माझ्याकडूनही भर घालतो, माझा मेक्टिलाचा हट्ट थोडा बाजूला ठेवून.

मी रेल्वेत अभियंता होतो. दिमापूरला जाणारी मीटर गेज लाइन मुळात चहाच्या मळ्यांसाठी टाकलेली. मध्ये ब्रह्मपुत्रेवर पूल नाही, डबे तराफ्यावरून पलीकडे न्यायचे. सुरुवातीला दिवसाला सहाशे टन माल जायचा. पुढे अमेरिकन रेल्वे पलटणी आल्या आणि १९४४ मध्ये तो ४४०० टनांवर गेला. पुढचा रस्ता पावसाळ्यात चिखल व्हायचा. खडी नाही, तर अराकानमध्ये भट्ट्या लावून विटा भाजल्या आणि विटांचा रस्ता केला. इतर ठिकाणी डांबरात बुडवलेलं गोणपाट अंथरलं.

गोणपाटावरून आठवलं. विमानातून माल टाकायला पॅराशूट हवेत, रेशमी पॅराशूट मिळेनात. स्लिम आणि त्याचा रसदप्रमुख स्नेलिंग यांनी कलकत्त्याच्या ज्यूट गिरण्या गाठल्या आणि तागाचे पॅराशूट बनवून घेतले. महिनाभरात तयार. नेहमीच्या पॅराशूटला वीस पौंडांवर खर्च, तर तागाच्याला जेमतेम एक पौंड. माणूस उतरवण्यासारखे नव्हते, पण तांदळाच्या पोत्याला काय!

कालेवाला चिंडविनवर १९४४ च्या डिसेंबरात ११५४ फुटांचा बेली पूल (तयार लोखंडी भाग जोडून उभारायचा पूल) टाकला. तेव्हा जगात तेवढा लांब बेली पूल दुसरा नव्हता. तिथेच नदीकाठचे सागवान तोडून बोटी बांधल्या, आणि दोन छोट्या गनबोटीसुद्धा. एकीचं नाव माउंटबॅटनच्या लेकीवरून पामेला, दुसरीचं स्लिमच्या लेकीवरून ऊना.

अबोली_७

लेकीच्या नावाची गनबोट! माझ्या बाबांनी माझ्या नावाने स्कूटरच्या मागे अक्षरं रंगवली होती, त्याचंच मला केवढं अप्रूप.

सई_कॅनबेरा

ऑस्ट्रेलियातून. स्लिम १९५३ पासून साधारण सात वर्षं इथे गव्हर्नर जनरल होता. इथल्या जुन्या लोकांना तो आवडायचा, कारण गॅलिपोलीत त्यानेही रक्त सांडलं होतं, आणि गॅलिपोली म्हणजे यांच्यासाठी आपल्या पानिपतासारखी जखम.

पण अर्धवट सांगणं बरोबर नाही. मोलाँगच्या फेअरब्रिज फार्म स्कूलमध्ये ब्रिटनमधून पाठवलेली गरीब मुलं ठेवली जायची. स्लिमच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी तिथल्या काही माजी विद्यार्थ्यांनी, तो भेटीला आला असताना त्याने लहान मुलांशी गैरवर्तन केल्याचे आरोप केले. तो हयात नसल्याने न्यायालयात कधीच काही ठरलं नाही. पण इथल्या विल्यम स्लिम ड्राइव्ह या रस्त्याचं नाव याच कारणाने बदललं गेलं. मी त्या रस्त्यावरून रोज कामाला जायचे. धाग्यावर हे नसतं तर मला चैन पडलं नसतं.

ताम्रपट

सई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ती मुलं आता म्हातारी झाली असतील. इतकी वर्षं गप्प राहून बोलणं किती जड गेलं असेल.

दऱ्याखोऱ्या

सई, मला हे माहीत होतं आणि मी मूळ धाग्यात लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. धागा संपादित करून तुमच्या प्रतिसादाकडे बोट दाखवतो.

टिळकवाडीकर

जड झालं वातावरण. तरीही मूळ प्रश्नावर एक सांगायचं राहिलंय.

मला या माणसात सगळ्यात विशेष वाटतं ते त्याचं चुका कबूल करणं. नोव्हेंबर १९४०, सुदान-अबिसिनियाच्या सीमेवर गल्लाबात. आमच्या बेळगावातून गेल्यावरची त्याची पहिली मोठी लढाई. गल्लाबात घेतलं, पुढचं मेतेम्मा मिळेना, वरून इटालियन विमानं, आपल्यातली एक ब्रिटिश बटालियन बिथरली. त्याने माघार घेतली. पुढं कळलं, की समोरचे इटालियन पळायच्याच बेतात होते. यावर त्याने स्वतः लिहून ठेवलंय, की मी माझ्या भीतीचं ऐकलं. १९४४ मध्येही तसंच. कोहिमाला जपानी फार तर एक रेजिमेंट पाठवतील असा त्याचा हिशेब, आली आख्खी डिव्हिजन. सतराव्या डिव्हिजनला टिड्डिमहून मागं बोलवायलाही उशीर झाला. आपली चूक आणि आपल्या जवानांनी ती निस्तरली, असं त्यानं १९५६ साली आलेल्या पुस्तकात सरळ कबूल केलंय. किती सेनापतींची आत्मचरित्रं अशी असतात? मी पंचवीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. चूक कबूल करणारा मुख्याध्यापकही विरळा.

रूळमापक

सर, अनुमोदन. आणि वरचे अधिकारी त्याच्याशी कसे वागले तेही बघा. १९४२ मध्ये थकलेली फौज घेऊन इम्फाळला पोचला, तर तिथल्या जनरल अर्विनने स्वागत सोडा, अपमान केला. छपराविना पावसात झोपली माणसं. १९४३ मध्ये अराकानमधल्या अपयशाचं खापर अर्विन स्लिमवर फोडायला निघाला होता, तर शेवटी अर्विनलाच घरी जावं लागलं. १९४५ मध्ये रंगून घेतल्यावर जनरल लीसने त्याला बाजूला सारायचा घाट घातला. तर गेला लीस, आणि त्याच्या जागी आला स्लिम.

आणि लष्करप्रमुखपदाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. १९४८ मध्ये स्लिम निवृत्त होऊन ब्रिटिश रेल्वेत (आमच्या खात्यात!) रुजू झाला होता. तेव्हाचा लष्करप्रमुख माँटगोमेरी, त्याला आपल्या जागी जनरल क्रॉकर हवा होता. तो पंतप्रधान अ‍ॅटलीला म्हणाला, मी क्रॉकरला सांगूनही टाकलंय. अ‍ॅटलीने उत्तर दिलं, मग आता त्याला 'नाही' म्हणून सांगा.

हळदुली

अ‍ॅटली माझ्या सासूबाईंसारखा दिसतोय. त्याही एका वाक्यात निकाल लावतात. :)

फौजीबापू

रूळमापक, १९४२ च्या माघारीबद्दल तुम्ही म्हणालात निवड करायला वाव नव्हता. पटत नाही. इम्फाळला शेवटची तुकडी पोचली तेव्हा कपडे फाटलेले, दाढ्या वाढलेल्या, हाडं दिसत होती. पण हातात रायफल होती आणि पोरं आपापल्या तुकडीत चालत होती. हे आपोआप होत नाही. त्याच वाटेनं लाखो हिंदी निर्वासित रंगूनहून चालत येत होते, त्यातले हजारो वाटेत मेले. त्या गर्दीत फौज मिसळून गेली असती तर परत फौज म्हणून उभी राहिली नसती. मी दऱ्याखोऱ्यांच्या बाजूनं.

डॉ_मधुमालती

बापू, रायफल हातात ठेवून आलेले ते जवान पुढच्या काही आठवड्यांत मलेरियाने आणि आमांशाने आडवे झाले. माघार त्यांनी पार केली, पण त्यांना पुन्हा लढण्याजोगं केलं १९४३ ने. माझं मत कायम.

ताम्रपट

मी मत देणार नव्हतो, पण डॉक्टरांच्या बाजूने देतो. रक्तात औषध सापडलं नाही तर कर्नल घरी, हा नियम मला त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा जास्त पटला.

दऱ्याखोऱ्या

चार दिवसांनी परत येतोय. दरम्यान पाटणला मामांकडे जाऊन आलो. धागा त्यांना मोबाइलवर वाचून दाखवला. डॉक्टरांचा प्रतिसाद ऐकताना ते उठले आणि आतून पत्र्याची ट्रंक ओढत आणली. त्यात आप्पांचं पे-बुक निघालं. मी ते याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

पानं पिवळी पडलीत, शाई फिकी झालीय, पण वाचता येतं. जून १९४३: मलेरिया, इम्फाळहून मागे रवाना. मग रुग्णालयांचे शिक्के, एकामागे एक. पलटणीत परत हजर: नोव्हेंबर १९४३. डॉक्टरांनी लिहिलेले पाच महिने, बरोबर मोजून. त्यानंतर १९४५ मध्ये सुटी मिळेपर्यंत आजारपणाची एकही नोंद नाही. सांगशाकची एक ओळ आहे, दंडाला छर्रा, तेवढीच.

मामा म्हणाले, आप्पा सांगायचे की परत गेल्यावर रोज संध्याकाळी रांगेत उभं करून हवालदार गोळी द्यायचा आणि 'आ' करायला लावून जिभेखाली बघायचा. त्या हवालदाराला सगळे शिव्या घालायचे.

मूळ प्रश्नात मी १९४२ लिहिलं होतं. माझं उत्तर बदलतोय. १९४३.

डॉ_मधुमालती

डोळ्यांत पाणी आलं. जिभेखाली बघणारा हवालदार... आमच्या आशाताईही हेच करतात.

फौजीबापू

दऱ्याखोऱ्या, एक विनंती. ते पे-बुक लॅमिनेट करू नका, पुष्कळ लोक करतात आणि कागद जातो. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. चांगल्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो काढा. आणि जमलं तर बेळगावला रेजिमेंटल सेंटरच्या संग्रहालयात एकदा दाखवा. टिळकवाडीकर सर तिथंच आहेत, मी पण साताऱ्याहून येतो.

टिळकवाडीकर

या की! मुक्काम आमच्याकडे. दिवस ठरला की कळवा, कुंदा आणून ठेवतो.